सात जणांचं बहुमत

मंगळवारी दुपारी सव्वाबाराच्या खेळासाठी मी ठाण्यातल्या एका मॉलच्या चौथ्या मजल्यावर धापा टाकत पोचले (सरकता जिना बंद होता, त्याबद्दल पुन्हा कधी तरी). दारावरच्या मुलाने माझ्या मोबाइलकडे ढुंकूनही न बघता सांगितलं, "मॅम, ये शो कॅन्सल है."

"का?"

"ऑडियन्स नहीं है."

मी त्याच्यासमोर उभी, हातात तिकीट, खांद्यावर शाल. मल्टिप्लेक्समध्ये भाजीसुद्धा टिकेल इतकी थंडी असते म्हणून मी घरूनच शाल नेते. इतकं सगळं मूर्तिमंत समोर उभं असताना हा म्हणतो ऑडियन्स नाही.

सिनेमा अर्थातच मराठी होता. नाव सांगत नाही, त्या बिचाऱ्याचे हाल आधीच पुरेसे झालेत. 'ओटीटीवर येईलच की' असं आमचे हे सोफ्यावरून म्हणाले, म्हणून तर मी तिरीमिरीत तिकीट काढलं होतं. आता परत जाऊन त्यांचा चेहरा बघायचा?

चौकशी केल्यावर कळलं, सिस्टीमला किमान दहा माणसं लागतात आणि आम्ही सात होतो. एक मी. एक सासू-सुनेची जोडी. एक कॉलेजचं जोडपं, ज्यांना सिनेमा कुठला आहे यात फारसं स्वारस्य नव्हतं. त्यांना फक्त अंधार हवा होता आणि मराठी सिनेमाला तो मुबलक मिळतो हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. एक बारीकसा मुलगा, जो पोस्टरसमोर उभा राहून स्वतःचे फोटो काढत होता. आणि काका.

काकांचं दारातच बिनसलं होतं. सुरक्षारक्षकाने त्यांच्या कापडी पिशवीतून पातळ पोह्यांचा चिवडा जप्त केला होता. "घरचा आहे हो!" काका सांगत होते, जणू बाहेरचा असता तर गुन्हा मान्य होता. मला या बाबतीत थोडा कायदा ठाऊक आहे. 2018 मध्ये आपल्याकडे बाहेरचे खाद्यपदार्थ थिएटरात नेऊ द्यावेत म्हणून केवढा गदारोळ झाला. विधिमंडळात घोषणा झाली, आपण सगळ्यांनी मनातल्या मनात डबेही भरले, आणि मग काहीच झालं नाही. पुढे जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की थिएटर ही खासगी मालमत्ता आहे, बाहेरचं खाणं आणू द्यायचं की नाही हे मालक ठरवेल, पिण्याचं पाणी मात्र फुकट द्या. त्या सुनावणीत जिलबीचाही विषय निघाला होता: कुणी जिलबी खाऊन चिकट बोटं खुर्चीला पुसली तर साफसफाईचे पैसे कुणी द्यायचे? देशाच्या सर्वोच्च पीठाला आपल्या लोकांची इतकी अचूक ओळख असावी याचा मला अभिमान वाटला. पण चिवडा हा कोरडा पदार्थ आहे, हा मुद्दा तिथे कुणीच मांडलेला दिसत नाही.

तर असे चिवड्याने दुखावलेले काका शो रद्द झाल्याचं ऐकून भडकले.

"मॅनेजर को बुलाओ! और हमको मराठी में जवाब चाहिए! ये महाराष्ट्र है! यहाँ मराठी में ही बात करने का!"

हे सगळं हिंदीत. मॅनेजर आला. तिशीतला, गळ्यात ओळखपत्र, चेहऱ्यावर प्रशिक्षणात शिकवलेलं हसू. तोही हिंदीतच "सर, पॉलिसी है" वगैरे सुरू झाला. दोघं बराच वेळ राष्ट्रभाषा समितीच्या वक्तृत्व स्पर्धेसारखे बोलत होते. मग मॅनेजरचा फोन वाजला. तो वळून हळूच म्हणाला, "हां आई, जेवतो. नंतर करतो."

काका थबकले. "कुठले तुम्ही?"

"अकोल्याचा."

"मग मघापासून हिंदीत काय बोलताय?"

"तुम्हीच सुरू केलं ना काका हिंदीत."

यावर काकांनी जे केलं ते खऱ्या नेत्याचं लक्षण होतं. त्यांनी विषय बदलला.

"1971 साली दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' दादरच्या कोहिनूरमधून काढायला निघाले होते. देव आनंदचा सिनेमा लावायला! बाळासाहेबांनी शिवसैनिक उभे केले. मी होतो तिथे!"

काका सांगत होते की ते पंचवीस मेला साठ पूर्ण करून निवृत्त झाले, आणि तेही कालपरवा. माझा हिशेब चटकन होतो. 'सोंगाड्या'च्या आंदोलनात काका बहुतेक कुणाच्या तरी कडेवर होते.

मलाही मग राहवलं नाही. मी मॅनेजरला म्हटलं, सव्वाबारा ही प्राइम टाइमची वेळ आहे, शो रद्द कसा करता? हे खरंच आहे. एप्रिल 2015 मध्ये सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्समध्ये संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी सिनेमा लावणं सक्तीचं करणार असं जाहीर केलं होतं. त्यावर शोभा डे यांनी पॉपकॉर्नच्या जागी आता मिसळ आणि वडापाव मिळणार का अशा थाटाचं ट्वीट केलं, विधानसभेत हक्कभंगाची भाषा झाली, शिवसैनिक त्यांच्या घरावर मिसळ-वडापाव घेऊन गेले. आठवडाभर महाराष्ट्राने याखेरीज दुसरं काही केलं नाही. या धुरळ्यात सहा ते नऊचं कधी दुपारी बारा ते रात्री नऊ झालं, हे कुणाला कळलंही नाही. दुपारी बाराला प्राइम टाइम! त्या वेळी कामावरची माणसं कामावर, घरातली माणसं कुकरच्या शिट्ट्या मोजत, आणि शाळेतली मुलं खिचडीच्या रांगेत. मंगळवारी सव्वाबाराला खेळ लावायचा, मग प्रेक्षक नाहीत म्हणून काढायचा, आणि शुक्रवारी मुलाखतीत म्हणायचं, "काय करणार, मराठी माणूसच मराठी सिनेमा बघत नाही." मला तर वाटतं, हे खेळ रद्द करता यावेत म्हणूनच लावतात. ऑक्टोबर 2024 पासून आपली भाषा अभिजात झाली आहे. अभिजात वस्तूंना गर्दी नसतेच म्हणा.

मॅनेजर म्हणाला, "मॅडम, तीन माणसं आणा, लावतो शो."

आणि काकांच्या डोळ्यांत चमक आली. गेली काही वर्षं महाराष्ट्रात जन्म काढलेल्या माणसाला 'आकडा कमी पडतोय' हे वाक्य ऐकवलं की काय होतं ते तिथे दिसलं.

"तीनच ना? फोडतो."

समोरच्या पडद्याला एक हिंदी मारधाडपट लागला होता आणि रांग पार खाण्याच्या काउंटरपर्यंत गेली होती. काका त्या रांगेत घुसले. आधी त्यांनी आम्हाला बाजूला घेऊन संख्याबळ समजावलं. आपण सात आहोत, म्हणजे दहाच्या दोन तृतीयांशांहून जास्त, त्यामुळे पक्षांतरबंदी आपल्याला लागू नाही. पूर्वी एक तृतीयांश चालायचे, ते 2003 मध्ये बंद झालं. सूनबाईंनी विचारलं, "पण आपण कुठे पक्षांतर करतोय? माणसं तर तिकडून इकडे आणायचीत ना?" काका म्हणाले, "तांत्रिक बाब आहे, तुम्ही त्यात पडू नका."

रांगेत त्यांनी पहिला हात एका चौकोनी कुटुंबावर टाकला. "मराठी ना? आडनाव काय?" कुटुंबप्रमुख म्हणाले, "मराठीच, पण मुलांना हाच बघायचाय." काकांनी मुलांकडे असं पाहिलं की धाकटं आईच्या मागे गेलं. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "काका, आमचा मराठीला पाठिंबाच आहे. बाहेरून." तिसरी एक मुलगी इअरफोन न काढताच नाही म्हणाली.

गळाला लागले ते एक गुजराती शेठ. "गाणी आहेत?" त्यांनी विचारलं, तेही स्वच्छ मराठीत. "आहेत." "मारामारी?" "थोडी." "मग चला. चौथीपर्यंत नगरपालिकेच्या मराठी शाळेत होतो मी. इथे नाही तरी रांगेतच मरायचंय."

आठ झाले! काकांनी शेठना जवळजवळ हाताला धरून आणलं आणि आमच्यात बसवलं, मध्ये, जेणेकरून ते निसटू नयेत. कुणी तरी म्हणालं, सगळ्यांना गुवाहाटीला न्या. 2022 च्या जूनपासून महाराष्ट्रात हा विनोद कुणीही कुठेही करू शकतो आणि त्यावर हसावं लागतं. पाठोपाठ कॉलेजच्या पोराने 'काय झाडी, काय डोंगार' म्हटलंच. शहाजीबापूंची आमदारकी गेली, झाडी-डोंगार काही जात नाही.

नववं माणूस म्हणून काकांनी घरी फोन लावला. "ताबडतोब ये. रिक्षा कर. मराठीचा प्रश्न आहे." पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला: "साडेबाराला पाणी येणार आहे."

काकांनी फोन ठेवला.

मग सूनबाई एक साधं वाक्य बोलल्या. "आपणच दोन तिकिटं जास्तीची काढूया की. वाटून घेऊ."

आठ माणसं होतो आणि कुणी कुणाकडे बघेना. मी माझी शाल नीट केली. शेठ छताकडे बघू लागले. सासूबाईंनी सुनेला कोपराने ढोसलं. काकांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "प्रश्न पैशाचा नाही. तत्त्वाचा आहे."

तेवढ्यात तो पोस्टरजवळचा मुलगा पुढे आला. "मी काढतो दोन."

"तू कशाला?"

"मी आहे ना यात. मध्यंतरानंतर. हवालदाराचं काम आहे." आणि ओशाळून म्हणाला, "एक डायलॉग पण आहे."

सगळ्यांना एकदम भरून आलं. सासूबाईंनी त्याला कोणता डायलॉग म्हणून विचारलं. त्याने तिथेच, लॉबीत, सावधान उभं राहून म्हणून दाखवला: "साहेब, बाहेर लोक जमलेत." आम्ही टाळ्या वाजवल्या. मला विचाराल तर त्या दिवशी मी पाहिलेला तेवढाच मराठी सिनेमा.

कारण तो पाकीट काढून काउंटरवर पोचला तेव्हा मॅनेजर म्हणाला, "सॉरी हं, सिस्टीमने स्क्रीन हिंदीच्या एक्स्ट्रा शोला दिली. आत्ताच. माझ्या हातात नाही." सिस्टीम म्हणजे कोण, ती कुठे बसते, तिला आडनाव आहे का, हे मी विचारलं. तो प्रशिक्षणातलं हसला.

आता क्रांती होणार असं मला वाटलं. काकांनी त्याआधीच सगळ्यांचे नंबर घेऊन 'मराठी प्रेक्षक एकजूट' नावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला होता आणि मला न विचारता खजिनदार केलं होतं. पण मॅनेजर अकोल्याचा होता, कच्चा नव्हता. म्हणाला, "त्याच तिकिटावर हिंदीच्या एक्स्ट्रा शोला बसा. आणि आमच्याकडून दोघांत एक पॉपकॉर्न. खारं."

"कॅरमेल द्या," काका म्हणाले.

तिथपासून पुढे मराठीचा विषय कुणी काढला नाही. काका आणि मॅनेजर यांच्यात खाऱ्या आणि गोड पॉपकॉर्नच्या जीएसटीवर चर्चा सुरू झाली. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेने पॉपकॉर्नवर खुलासा केला होता ना: सुटं खारं असेल तर 5 टक्के, पाकीटबंद असेल तर (तेव्हा) 12, कॅरमेल असेल तर 18. काकांना ते सगळं तोंडपाठ. शेवटी दोघांत एक मध्यम आकाराचं खारं आणि सासूबाईंना वयाचा मान म्हणून स्वतंत्र, यावर तह झाला. आत जाताना काका माझ्याजवळ थांबले. "ताई, तुम्ही पण चला. बाहेर राहून काय बदल होणार? आत जाऊनच काही तरी करता येतं."

मी नाही गेले. आणि हो, राग काकांवर नव्हता इतका त्या परताव्यावर होता. तिकिटाचे पैसे पाच ते सात कामकाजी दिवसांत मिळतील, कन्व्हिनियन्स फी मात्र मिळणार नाही. माझी कोणती सोय झाली म्हणून ती फी? न चालणारा जिना चढण्याची? मी हे कस्टमर केअरला लिहिलं. 'तुमचा अनुभव कसा होता, तारे द्या' असं उत्तर आलं.

संध्याकाळपर्यंत ग्रुप फुटला होता. सासूबाईंच्या पॉपकॉर्नवरून. आता एक 'मराठी प्रेक्षक एकजूट' आहे आणि एक 'मराठी प्रेक्षक एकजूट (मूळ)'. दोघांनाही पोस्टरचा तोच फोटो डीपीला हवाय, आणि इथे निकाल द्यायला निवडणूक आयोगही नाही. मी दोन्हीकडे खजिनदार आहे. शेठ दोन्हीकडे सकाळी गुलाबाचं फूल पाठवतात.

काल त्या मुलाने दोन्ही ग्रुपवर निरोप टाकला: शुक्रवारी सकाळी नऊ पन्नासला कल्याणला एक शो लागलाय, दहा माणसं हवीत. अंगठे भरपूर आले. कॉलेजच्या जोडप्याने हृदय टाकलं. काकांनी खाली विचारलंय, "पॉपकॉर्नचं काय?"