‘आधी मनातली जात काढा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

ख्रिस्ती प्रीती आणि पक्षपात यावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं वाचलं. सोडून द्यावं असं वाटत होतं, पण ते इतरांनीही वाचलंय, म्हणून उत्तर देते.

ज्यांनी मूळ लेख वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मी बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय घेतला होता. सभेत सोन्याची अंगठी घातलेला माणूस आला की त्याला चांगली जागा द्यायची आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला ‘तिथे उभा राहा, नाहीतर माझ्या पायाशी बस’ म्हणायचं, हे पाप आहे, असं याकोब सरळ सांगतो. त्यावर तुमची प्रतिक्रिया अशी: ‘आधी मनातली जात काढा, मग प्रेमाच्या गप्पा मारा. तुमच्या लोकांना दुसऱ्याला शिकवायची भारी हौस.’ पुढे तुम्ही सोलापूरच्या सेटलमेंटचा (‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना कोंडून ठेवायची इंग्रजी अमलातली वसाहत) आणि ख्रिस्ती घरांतल्या लग्नांचा विषय काढलात. माझी सगळी उदाहरणं दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत, असंही म्हणालात.

शेवटचं मान्य. सोलापूरचं एखादं उदाहरण लेखात हवं होतं. आज देते.

पण आधी तुमच्या भाषेबद्दल. ‘तुमचे लोक’ म्हणजे कोण? मी सोलापुरात जन्मले. आमच्या भिंतीला भिंत लागून तेलुगू घर, समोर कन्नड, गल्लीच्या तोंडाशी उर्दू. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून जाताना वडील थांबायचे आणि नावं म्हणून घ्यायचे: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात एकाच दिवशी फाशी दिली. त्यांतले आपले कोण आणि परके कोण, असं आमच्या घरात कधी कुणी विचारलं नाही. पक्षपातावरच्या लेखाखाली तुम्हाला मात्र दुसऱ्याच वाक्यात ‘तुमचे लोक’ लिहावंसं वाटलं. लिहून झाल्यावर एकदा वाचून पाहायचं होतंत.

आणि दुसऱ्याला शिकवण्याचं म्हणाल, तर याकोबाचं पत्र विश्वासणाऱ्यांनाच लिहिलेलं आहे. तो मंडळीतल्या बसायच्या जागांबद्दल बोलतोय. मी लिहिलं ते माझ्याच माणसांना लागावं म्हणून. त्यांतल्या काहींना ते लागलंही, त्यांचे फोन आले.

आता ‘आधी मनातली जात काढा’. हे वाक्य ऐकायला फार बरोबर वाटतं, म्हणूनच त्यावर सविस्तर लिहिते.

नव्या करारातल्याच ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा दहावा अध्याय काढा. येशूचा शिष्य पेत्र यापो गावात एका घराच्या धाब्यावर प्रार्थनेला बसलाय. त्याला दृष्टांत होतो, तीनदा होतो, तरी अर्थ लागत नाही. तेवढ्यात कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीची माणसं दाराशी येतात. पेत्र त्यांना आत घेतो, ठेवून घेतो, दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर कैसरियाला निघतो आणि परक्या जातीच्या त्या माणसाच्या घरात पाऊल टाकतो. आम्हा यहुद्यांना असं करणं निषिद्ध आहे, हे तो तिथे उभा राहून बोलूनही दाखवतो. देव पक्षपाती नाही हे आता मला समजलं, असं तो म्हणतो ते यानंतर. आधी उंबरा ओलांडला, मग समजलं. मन पुरतं स्वच्छ होईपर्यंत थांबला असता तर तो यापोच्या धाब्यावरून खाली उतरलाच नसता.

एवढं होऊनही मन कायमचं निवळलं का? नाही. गलतीकरांच्या पत्रात प्रेषित पौल लिहितो की अंत्युखिया शहरात हाच पेत्र परजातीयांच्या पंगतीत जेवत होता आणि याकोबाकडून काही माणसं आल्यावर घाबरून वेगळा बसू लागला. (परंपरा ज्याला त्या पत्राचा लेखक मानते तोच हा याकोब. पौलाने हे झाकलेलं नाही, मीही झाकणार नाही.) पौलाचा सोबती बर्णबासुद्धा त्या ढोंगात ओढला गेला. पौलाने सगळ्यांसमोर पेत्राला तोंडावर सुनावलं. ‘तुझ्या मनात अजून जात आहे, तू प्रीतीबद्दल बोलू नकोस’ असं तो म्हणाला नाही. सुवार्तेच्या सत्याला धरून सरळ चाल, असा त्याचा आग्रह होता.

इतक्या जुन्या गोष्टी नको असतील तर ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक घ्या. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळकांनी 1895 ला बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी सोवळं लगेच सोडलं नाही. ते सुटत सुटत गेलं आणि 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

आणि सोलापूरचं म्हणाल तर माझी आई. ती विड्या वळायची. ओला पत्ता पत्र्याच्या साच्यावर ठेवून कात्रीने कापायचा, मांडीवरच्या सुपात तंबाखू, चिमटीभर घालून वळायची, दोऱ्याने बांधायची. शेजारची अक्का पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर जातीची, तीही विड्याच वळायची. दोघी ओट्यावर एकत्र बसत, पण आईला पाणी द्यायचं झालं तर अक्का वरून ओंजळीत ओतायची. आम्ही ख्रिस्ती झालो त्याआधी कोण होतो, ते तिला ठाऊक होतं. पुढे आईला कावीळ झाली. अक्का रोज पेज घेऊन यायची, आईला टेकवून बसवायची, भरवायची. घरी गेली की भिंतीपलीकडे मोरीत तिच्या आंघोळीचं पाणी ऐकू यायचं. आईलाही ते ऐकू यायचं. तरी अक्का दुसऱ्या दिवशी हजर. आई हिंडूफिरू लागेपर्यंत ती आंघोळ कधी बंद झाली ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. नंतर दोघी एकाच तांब्यातून पाणी प्यायच्या.

तुमच्या नियमाने अक्काला काय सांगायला हवं होतं? आधी मनातली जात काढ, मग पेज आण? तोवर माझी आई उपाशी राहिली असती. ज्या गोष्टीला तुम्ही गप्पा म्हणता ती मी त्या घरात बसून पाहिली आहे. तुम्ही काय पाहिलंत ते तुम्ही लिहिलेलं नाही. नाव लपवून दुसऱ्याच्या मनात काय आहे ते सांगायला फारसं काही पाहावं लागत नाही.

आता राहिलेलं. सेटलमेंटची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेकडे होती, खरं आहे. ज्या कायद्याखाली माणसांना जन्मानेच गुन्हेगार ठरवून तारेच्या आत कोंडलं तो मुळात 1871 चा, इंग्रज सरकारचा. स्वतंत्र भारताने तो 1952 ला रद्द केला. मिशनने ते काम घ्यायला हवं होतं का, यावर बोलता येईल, पण याकोबाच्या वचनाला तो जबाब होत नाही.

ख्रिस्ती लग्नांचं तुम्ही खोचकपणे लिहिलंत. स्थळ आलं की ‘मूळचे कोण?’ असं विचारणारी घरं आहेत, मला तुमच्याहून जास्त माहीत आहेत. माझ्या पुतणीच्या वेळी समोरच्यांनी विचारलं तेव्हा मी भर बैठकीत उठून याकोबाचा हाच अध्याय वाचून दाखवला. ते स्थळ मोडलं. भाऊ अजून माझ्याशी नीट बोलत नाही. त्यावर मी सवडीने लिहीन. तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही. पुढे लिहाल तेव्हा नावाने लिहा.