नाइस, पूर्णविराम

सतरा दिवस घासून तयार केलेला बेचाळीस पानी अहवाल साहेबांना पाठवला. चार मिनिटांत उत्तर: 'नाइस.' बस्स. पुढे पूर्णविराम.

एकटा असतो तर गिळलं असतं. पण माझ्या खुर्चीला खुर्ची लावून बसणाऱ्या काकांना स्वतःच्यापेक्षा दुसऱ्याचा स्क्रीन जास्त स्पष्ट दिसतो.

"पूर्णविराम दिलाय," ते एक्स-रेत डाग दिसल्यासारखं कुजबुजले.

"मग?"

"खूश माणूस उद्गारचिन्ह टाकतो हो. गेला बाजार अंगठा तरी." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. आता सुटका नाही. "आणि शब्द बघा कुठला! मूळ लॅटिन नेस्किउस, म्हणजे अजाण. फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा नाइस म्हणजे चक्क मूर्ख."

"कधीची गोष्ट ही?"

"झाली असतील सातशे वर्षं."

"काका, साहेबांनी आज दुपारी लिहिलंय."

"साहेब जुन्या वळणाचे आहेत."

पुढे म्हणे मूर्खाचा लाजाळू झाला, मग चोखंदळ, मग काटेकोर, आणि अठराव्या शतकात कुठे 'छान'पर्यंत पोचला. 'सिली'चं नेमकं उलट. तो आधी 'धन्य' होता, घसरत घसरत खुळा झाला. (हा प्रवास मी सतरा दिवसांत केला.)

"पण 'नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे सूक्ष्म भेद, हा अर्थ अजून चालतो," काकांनी दिलासा दिला.

"मग त्यांना माझा अहवाल सूक्ष्म वाटला असेल!"

काकांनी बेचाळीस पानांचा गठ्ठा हातावर तोलून पाहिला आणि काही न बोलता खाली ठेवला.

खरं सांगू? हवा नाइस, चपला नाइस, कुणाचं बाळ नाइस, आणि माझे सतरा दिवसही नाइस. अठराव्या पानावरचा तक्ता मी तीनदा बदललाय. 'तक्ता भिकार आहे' म्हणाले असते तरी चाललं असतं. निदान अठराव्या पानापर्यंत आले होते एवढं तरी कळलं असतं.

संध्याकाळी लक्षात आलं, एकतिसावं पान कोरंच गेलंय. घाम फुटला. दुरुस्त प्रत पाठवली, माफी मागितली. उत्तर लगेच: 'व्हेरी नाइस.'

मागची खुर्ची करकरली.

"व्हेरी म्हणजे मुळात 'खरा' बरं का. खराखुरा—"

मी स्क्रीन बंद केला.