गंजाला रविवार नसतो

जुन्या गाडीच्या रंगाखाली पहिला फुगा दिसला की कुठलाही मालक एकच गोष्ट करतो. नखाने दाबून बघतो. फुगा फुटतो, तपकिरी भुगा बोटाला लागतो, मालक इकडेतिकडे बघतो आणि बोट हळूच पँटला पुसतो. त्यानंतर काही महिने गाडीची ती बाजू भिंतीकडे करून लावायची. तेवढ्यापुरता प्रश्न मिटला.

माझ्या गाडीचा फुगा मागच्या चाकाच्या कमानीवर होता. ती जागाच अवघड. चाक चिखल, पाणी, बारीक खडी असं सगळं वर उडवतं, कमानीच्या आतल्या घडीत ते साठतं आणि वाळायचं नाव घेत नाही. दारांचंही तेच. पाणी निचरून जावं म्हणून दाराच्या खालच्या कडेला बारीक भोकं ठेवलेली असतात. ती कचऱ्याने बुजली की पाणी आतल्या आत तुंबतं. म्हणजे गाडी सडते आतून आणि आपल्याला पत्ता लागतो सगळ्यांच्या शेवटी. त्यात गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून वरचा रंग उचलला जातो. एका रात्रीपुरता आलेला पाहुणा हळूहळू पलंग, मग कपाट, मग टीव्हीचा रिमोट ताब्यात घेतो आणि घरमालकावर गॅलरीत झोपायची वेळ आणतो, त्यातलाच प्रकार. ॲल्युमिनियमवर चढणारा थर धातूला घट्ट चिकटून बसतो आणि त्याला सांभाळतो. लोखंडाच्या गंजाचे मात्र पोपडे निघतात आणि खालचं कोरं लोखंड पुन्हा हवापाण्याच्या तोंडी. निसर्गाचा हा पक्षपात मला अजून पटलेला नाही.

भिंतीकडची बाजूही एक दिवस उघडी पडतेच. मग घरात विषय निघाला: गाडी नीट करून ठेवायची, की काढून टाकून नवी घ्यायची?

या विषयावर सल्ला मागावा लागत नाही. तो येतो. एका पंथाचं म्हणणं, ‘असा जाड पत्रा आता मिळत नाही हो!’ हे सांगणारा माणूस बोलता बोलता बोनेटवर थाप मारतो, आणि माझं लक्ष काही गळून तर पडलं नाही ना याकडे. नव्या गाड्यांच्या पत्र्याला बहुतेकदा जस्ताचा मुलामा असतो. ओरखडा पडला तरी आधी जस्त झिजतं, लोखंडाची पाळी नंतर येते. जुना जाड पत्रा गंजत नाही असं नाही, त्याला भोक पडायला वेळ जास्त लागतो एवढंच. पण जाड पत्र्याच्या भक्ताला जस्ताबद्दल सांगण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या पंथाचे प्रमुख आमचे मेहुणे. ‘दाजी, गाडी म्हणजे वस्तू. भावना गुंतवायच्या नाहीत. काढून टाका.’ या गृहस्थांच्या माळ्यावर त्यांची शाळेतली सायकल अजून आहे, हँडलला फडकं गुंडाळून.

बायकोचं मत शेवटपर्यंत कळलं नाही. ती फक्त विचारायची, ‘अहो, मग काय ठरलं?’ मुलीने मात्र निरीक्षणाचं काम केलं. मागच्या सीटसमोरचं मॅट उचलून ती म्हणाली, ‘बाबा, रस्ता दिसतोय.’ गाडी तेव्हा चालू होती.

आमच्या बैठका रविवारी व्हायच्या, कारण इतर दिवशी कुणाला वेळ नसायचा. गंजाची अशी काही अडचण नव्हती.

शेवटी मेकॅनिककडे गेलो. त्याने गाडी लिफ्टवर चढवली आणि खिशातून दांडा झिजलेला एक स्क्रूड्रायव्हर काढला. आधुनिक यंत्र बिंत्र काही नाही. खालून पत्र्यावर ठोकत निघाला. टण, टण, टण, बद्द. तिथे थांबला, टोक जरा दाबलं, आणि स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. त्याने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. मग त्याने लोहचुंबक काढला आणि कमानीपासून दारापर्यंत फिरवत नेला. एका ठिकाणी चुंबक चिकटलाच नाही, खाली पडला. उचलून पुन्हा लावला, पुन्हा पडला.

‘इथे गाडी नाहीये साहेब,’ तो म्हणाला, ‘इथे लांबी आहे.’

लांबी म्हणजे पत्र्याचे खड्डे भरायची पुट्टी. आधीच्या मालकाने भोक तिने बुजवून वरून रंग मारला होता. म्हणजे ज्या जागेला मी इतकी वर्षं मेण लावून चमकवत होतो, तिथे पत्राच नव्हता.

मेकॅनिकचा हिशेब सरळ होता. वरवरचा गंज असेल तर वायर ब्रशने घासायचा, प्रायमर, रंग, विषय संपला. भोकं पडली असतील तर सडका भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा आणि नवा तुकडा वेल्ड करायचा. वरून लांबी थापणं म्हणजे पुढच्या मालकाची सोय. पण सस्पेन्शन जिथे बसतं, सीटबेल्ट जिथे बांधलेला असतो, दाराखालून जी पोकळ पेटी जाते, त्या जागा खाल्ल्या गेल्या असतील तर विचारच करायचा नाही. हल्लीच्या बहुतेक गाड्यांना वेगळी चॅसी नसते, सगळा भार बॉडीच उचलते. तिथे गंज लागला की गाडी दिसते तशीच, पण धडक बसली तर माणसाला वाचवत नाही. इथे मी गंभीर झालो आणि श्वास रोखून ऐकू लागलो. त्या जागा गेल्या असत्या तर निर्णयाची कटकटच मिटली असती.

त्या जागा ठणठणीत निघाल्या.

मग घरी कागद घेऊन बसलो. डावीकडे दुरुस्ती, उजवीकडे नवी गाडी. अर्थशास्त्र सांगतं की झालेला खर्च विसरायचा, फक्त पुढचा बघायचा. नाहीतर माणूस बुडीत कामात पैसा ओतत राहतो. याचं ठरलेलं उदाहरण म्हणजे कॉंकर्ड विमान. परतावा मिळणार नाही हे दिसत असूनही ब्रिटन आणि फ्रान्सची सरकारं खर्च करत राहिली, आणि या वृत्तीला त्या विमानाचंच नाव चिकटलं. हे वाचून मी सुधारायला हवं होतं. मला उलट धीर आला. दोन सरकारांना जे जमलं नाही ते मला एकट्याला कसं जमावं? शिवाय ते विमान १९६९ साली उडालं आणि २००३ पर्यंत टिकलं. वेगाची बरोबरी मात्र नाही. कॉंकर्ड आवाजाच्या पुढे जायचं. माझ्या गाडीचा आवाज आधी पोचतो, गाडी मागून येते.

उजव्या रकान्यात फार काही लिहिलं नाही. शोरूममध्ये जाऊन आलो, नव्या सीटवर बसलो, वास छान होता. पट्टा लावला नाही म्हणून ती गाडी उभ्या उभ्या माझ्यावर ओरडली. आमच्या ओळखीला इतक्या लवकर हा सूर मला रुचला नाही.

राहता राहिला भंगारवाला. नुसता भाव विचारू म्हणून बोलावला. तो गाडीभोवती फिरला, कमानीवर बोट टेकवलं, बोट आत गेलं तसं बाहेर काढलं आणि म्हणाला, ‘वजनावर घेईन. पण गंज कापून धरीन.’

आता रसायनशास्त्र हा माझा शाळेपासूनचा एकमेव चांगला विषय. मी त्याला थांबवलं. म्हटलं, अहो, गंज म्हणजे लोखंड अधिक हवेतला ऑक्सिजन. ५६ ग्रॅम लोखंड पूर्ण गंजलं तर नुसतं ऑक्साइडच ८० ग्रॅम भरतं, त्यात मुरलेलं पाणी वेगळं. पोपडे गळले नाहीत तोवर गंजलेली गाडी मूळ गाडीपेक्षा जड असते. तुम्ही वजन कापता कसलं, वाढवून द्यायला पाहिजे!

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वाद घातला नाही, हसलाही नाही. ताणकाटा खांद्यावर टाकला आणि म्हणाला, ‘मग असं करा ना साहेब, अजून चार-पाच वर्षं ठेवा. चांगली जड होऊ द्या. मी येतो तेव्हा.’

बायको दारात उभी होती. ती आत जाऊन हसली, हे तिचं मोठेपण.

त्याच संध्याकाळी गाडी वेल्डरकडे टाकली. लोकांना मी सांगतो की सुरक्षितता, खर्च आणि पर्यावरण यांचा साकल्याने विचार केला. वेल्डरने बॅटरी सोडली, सीट आणि गालिचे बाहेर काढले, डावीकडचा सडका पत्रा कापला. कडांना राहिलेल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिडचं औषध लावलं, तेव्हा तांबूस डाग डोळ्यांदेखत काळे पडले, त्याचा पक्का थर झाला. मी तिथे स्टुलावर बसून सगळं बघत होतो. पोकळ भागात आतून मेणाचा फवारा मारायची आठवण दोनदा केली, तेव्हा त्याने मला प्रेमाने घरी पाठवलं.

काल त्याचा फोन आला. ‘साहेब, डावी बाजू एकदम नव्यासारखी झाली. आता उजवी बघायला कधी येताय?’

‘उजवी? उजवीकडे तर काहीच नव्हतं!’

‘नव्हतं ना. डावी नवी झाल्यावर दिसायला लागलं.’