ओला प्लेअर चार्जिंगला लावा म्हणे!

"पावसात भिजलेला एमपी-थ्री प्लेअर फेकू नका! लगेच चार्जिंगला लावा, करंटच्या उष्णतेने आतलं पाणी उडून जाईल. मग एक रात्र तांदळात, दुसरी रात्र फ्रीजरमध्ये. आतली पांढरी टिकली लाल झाली असेल तर मात्र बोर्ड गेला, दुरुस्ती होत नाही. जनहितार्थ पुढे पाठवा."

हा मेसेज दर पावसाळ्यात उगवतो. यंदा तो माझ्या मावशीच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला आणि तिने तो शिरसावंद्य मानला. वारीत भिजलेला, हरिपाठ भरलेला छोटा प्लेअर इमानेइतबारे चार्जरला जोडला. तो तिथेच गेला. आता या जनहिताचा समाचार घेणं भाग आहे.

आधी ते चार्जिंग. नुसत्या पाण्याने बोर्डाचं, म्हणजे आतल्या सर्किटच्या पट्टीचं, लगेच फारसं बिघडत नाही. बिघडतं ते त्या पाण्यात वीज सोडल्यावर. पावसाचं पाणी खिशातला घाम आणि धूळ घेऊनच आत शिरतं, नळाच्या पाण्यात तर क्षार असतातच. अशा पाण्यातून वीज वाहिली की धन बाजूचं तांबं विरघळतं आणि ऋण बाजूला जाऊन बसतं. चार्जिंगच्या सॉकेटचे पाय एकमेकांपासून मिलिमीटरभरही लांब नसतात. त्यांच्यामध्ये धातूचे केसाहून बारीक धागे वाढतात, ते जुळले की शॉर्ट. मावशीचा प्लेअर उघडून भिंगाखाली धरला तेव्हा हेच दिसलं. सॉकेटच्या टोकाचा पाच व्होल्टचा, म्हणजे धन बाजूचा, पाय अर्धा खाल्लेला, भोवती हिरवट-निळी पूड, आणि बाकीचा बोर्ड नव्यासारखा चकचकीत. पाण्यानेच वाट लावायची असती तर ती सगळीकडे लागली असती ना? आणि करंटने पाणी उडून जाईल इतका बोर्ड तापलाच, तर पाण्याआधी आयसी, म्हणजे बोर्डावरची चिप, उडेल.

भिजला की पहिलं काम सेल काढायचा. बटण बंद करून भागत नाही, कारण प्लेअर बंद असला तरी सेलची वीज बोर्डापर्यंत पोचलेलीच असते. बाजारातल्या स्वस्त प्लेअरमध्ये बऱ्याचदा जुन्या नोकिया फोनचा बीएल-फाइव्ह-सी असतो. मागचं झाकण सरकवलं की नखाने निघतो. सेल आत बंद केलेला असेल तर एकही बटण न दाबता सरळ दुकान गाठा. मेमरी कार्डही काढून पुसून ठेवा. ते साच्यात बंद असतं, बहुतेक वेळा वाचतं, आणि अभंग त्यातच असतात.

आता तांदूळ. अ‍ॅपलने २०२४ च्या जानेवारीत आपल्या मदतीच्या पानावर आयफोनबद्दल साफ लिहिलं: तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात. बाहेरून उष्णता देऊ नका, कॉम्प्रेस्ड हवा मारू नका, सॉकेटमध्ये कापूस-कागद खुपसू नका, हेही तिथेच आहे. मग करायचं काय? सॉकेटचं तोंड खाली धरून हातावर हलकेच आपटा आणि हवा खेळती असेल तिथे ठेवा. पाणी सोसायला बनवलेल्या फोनबद्दल कंपनी हे सांगते, तर चहूबाजूंनी फटी असलेल्या प्लेअरची काय कथा! शिवाय आषाढात आपल्या डब्यातले तांदूळ कुठे कोरडेठाक असतात? ते आधीच हवेतला दमटपणा पिऊन बसलेले, वर किडे लागू नयेत म्हणून चोळलेली बोरिक पावडर. ती सॉकेटात गेली की झालंच कल्याण.

एक कबूल करतो, नाइलाजाने. तांदळात ठेवला की माणूस दिवसभर त्याला हात लावत नाही, चालू करून बघत नाही. तेवढा उपयोग खरा. तो पंख्याखालच्या टेबलावरही होतो.

खरी गोम पुढे आहे. वाळला म्हणजे साफ झाला असं नाही. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, बंबाच्या आत थर धरतो तसे. पुढच्या दमट हवेत ते पुन्हा ओल धरतात आणि गंज पुढे सरकतो. "वाळवल्यावर मस्त चालत होता हो, मग अचानक बंद पडला" ही तक्रार तिथून येते. म्हणून जाणता कारागीर बोर्ड बाहेर काढून आयपीएने, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलने, मऊ ब्रश घेऊन चक्क धुतो. त्याऐवजी हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यात पाणी आणि बहुधा ग्लिसरीन असतं. थिनर प्लास्टिक खातो. आणि काहीही झालं तरी स्पीकरच्या कागदी पडद्यावर आयपीए ओतू नका.

फ्रीजर? गारठलेली वस्तू आपल्या दमट हवेत बाहेर काढली की तिच्यावर आतून-बाहेरून दव धरतं. वाळवायला निघालात आणि पुन्हा भिजवलीत. पुढे.

राहिली ती लाल टिकली, म्हणजे पाणी लागलं की रंग बदलणारा आतला छोटा स्टिकर. ती एवढंच सांगते की इथे पाणी लागलं. अशाच टिकलीवर बोट ठेवून वॉरंटी नाकारल्याच्या तक्रारीवरून आयफोन आणि आयपॉड टचच्या ग्राहकांनी अमेरिकेत दावा लावला होता, आणि २०१३ मध्ये अ‍ॅपलने ५ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड मान्य केली. टिकली लाल झाली नसली तरी प्लेअर गेला असं होऊ शकतं, आणि ती लाल असूनही तो गाऊ शकतो. "दुरुस्ती होत नाही" म्हणणाऱ्याने एकदा मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चक्कर मारावी. सॉकेट, स्पीकर, सेल बदलणं ही तिथली रोजची कामं आहेत.

पुराच्या चिखलात दिवसेंदिवस राहिलेला किंवा समुद्रात पडलेला प्लेअर असेल तर दुरुस्तीचा खर्च नव्या प्लेअरच्या वर जातो, हे खरं. सेल फुगला असेल तर तो टोचू नका, दाबू नका, ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.