आम्हाला फक्त चिमटा

रस्त्याच्या खोदकामावर वॉर्डाची बैठक होती. मी घसा बसेपर्यंत बोललो, टेबलावर हात आपटला, अधिकाऱ्यासमोरचा पाण्याचा ग्लास हलला, लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात काय, तर माजी नगरसेवकांनी प्रशासनावर 'तोफ डागली', त्यांच्या विरोधकांनी त्यांच्यावर 'टीकास्त्र सोडले', आणि एक कार्यकर्ता, जो पूर्णवेळ माझ्या मागे बसून मोबाइलवर रील्स बघत होता, त्याने म्हणे 'हल्लाबोल केला'. अगदी शेवटच्या ओळीत, 'एका ज्येष्ठ नागरिकानेही चिमटा काढला.' तो मी. ज्येष्ठही मीच, अजून साठी आलेली नाही तरी.

शेजारचे अण्णा पेपर घेऊनच दारात.

"चिमटा?"

"हो ना."

"अरे, चिमटा हत्यारात येतच नाही!"

अण्णा रिटायर झाल्यापासून पेपर जाहिरातींसकट वाचतात आणि या सगळ्या शस्त्रागाराची उतरंड त्यांनी लावून ठेवलीय. गल्लीतला नेता फक्त 'निशाणा साधतो'. लागतो की नाही ते बातमीत येत नाही. तालुक्याचा झाला की त्याला तोफ मिळते. राज्य पातळीवरचा टीकास्त्र सोडतो, कारण अण्णांच्या मते शस्त्र हातात धरून मारायचं आणि अस्त्र लांबून सोडायचं, आता माणूस राजधानीत बसलेला असताना हातात धरून कसं मारणार?

"आणि शरसंधान?"

"ते अग्रलेखात. बातमीत फार जागा खातं."

"मग मुलुखमैदान तोफ?"

इथे अण्णा उठून उभेच राहिले. "ती विजापूरच्या बुरुजावर आहे. 1549 साली अहमदनगरला ओतली. वजन साधारण 55 टन! तोंडाशी सिंहाचा वासलेला जबडा आणि त्यात दाताखाली हत्ती. हत्ती!" मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "तुझा आवाज बघ. चिमटा बरोबरच दिलाय त्यांनी."

अण्णा गेले. माझा राग काही गेला नाही, मग मी तोच पेपर पुन्हा उघडून सगळी हत्यारं शोधत बसलो. कारवाईचा बडगा बघा. तो कायम 'उगारलेला' असतो. खाली आलेला कुणी बघितलाय? साहेबांचा खांदा कसा भरून येत नाही कोण जाणे. कुऱ्हाड मात्र बरोबर कोसळते, पण ती कंत्राटी कामगारांवर. बंडखोरांची तलवार अर्ज मागे घ्यायच्या दिवशी म्यान होते, आणि म्यान करायला काय काय मिळालं ते विचारायचं नसतं. लोकसभा-विधानसभेला तर कायद्याने मतदान संपायच्या आधी 48 तास जाहीर प्रचार बंद करावा लागतो, म्हणजे सभा नाही आणि मिरवणूक नाही. पण आपल्याकडे दर वेळी 'तोफा थंडावतात', आणि दर वेळी हे असं छापतात जणू वार्ताहर स्वतः नळीला हात लावून बघून आलाय.

इथवर मी हसतच होतो. मग पान 3 उघडलं. 'किरकोळ वादातून तरुणावर वार.' जेमतेम चार ओळी, त्यात 'धारदार शस्त्राने'. कोयता होता, सुरा होता, सत्तूर होता? काही नाही. हत्यार कायदा 1959 चा, त्याच्या नियमांत पात्याची मापं इंचात दिलीत, 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद असेल तर ते हत्यारात धरतात, घरातली आणि शेतातली अवजारं त्यातून वगळलीत. कायद्याने एवढं मोजलंय आणि आमच्या वार्ताहराने पोलिसांची प्रेसनोट जशीच्या तशी उतरवली. खाली दुसरी बातमी, गावठी कट्टा आणि 'जिवंत काडतुसे' जप्त. काडतुसं जिवंत आहेत हे आवर्जून सांगितलंय, वरच्या त्या पोराचं काय झालं, तो शुद्धीवर आला का, ते नाही. ज्याला खरंच लागलं त्याला चार ओळी, आणि ज्यांचा गळा फक्त खाकरला त्यांना फोटोसकट तीन कॉलम! आणि आमचा रस्ता? खड्डा किती खोल, ठेकेदार कोण, बुजवणार कधी, हे सगळं मी बैठकीत तारखांसकट सांगितलं होतं. त्यातला एक शब्द छापलेला नाही.

न राहवून वार्ताहराला फोन केला. पोरगा नम्र होता.

"काका, तोफ आधीच वापरली होती ना. एका बातमीत दोन तोफा चालत नाहीत, रिपीट होतं."

"अरे मग नुसतं 'म्हणाले' लिहायचं."

"'म्हणाले' लिहिलं की डेस्क बातमीच उडवतं." मग जरा थांबून, मदत करतोय अशा आवाजात म्हणाला, "पुढच्या वेळी तुम्ही बोलू नका काका. सरळ उपोषणाला बसा. 'हत्यार उपसले' म्हणून हेडिंगला घेतो."