गेटवरची काडी हलते तेव्हा

सुहासचं घर कोथरूडला टेकडीच्या अगदी पायथ्याशी. पावसाळ्यात त्याच्याकडे काय काय निघेल सांगता येत नाही. काल कट्ट्यावर चहा यायच्या आधीच त्याने मोबाईल पुढे केला. गेटच्या गजावर चार इंचांची वाळकी काडी, आणि तिला सहा पाय.

“खंडोबाचा किडा,” संजूने लगेच निकाल दिला.

“फोटो मोठा कर आणि पुढचे पाय बघ,” मी म्हटलं. खंडोबाचा किडा शिकारी. त्याचे पुढचे पाय दुमडलेले, आतून काटेरी, आणि तो मान वळवून आपल्याकडे बघतो. इथे पुढचे दोन्ही पाय सरळ समोर ताणलेले होते. त्यांना मुळाशी बाक असतो, त्या खोबणीत डोकं बसतं. त्यामुळे डोकं कुठे संपलं आणि पाय कुठे सुरू झाले, तेच कळत नाही. हा काडीकिडा.

नंदूचं म्हणणं, गावाकडे विहिरीत असलाच असतो. तो वेगळा. तो शेपटीकडची लांब नळी पाण्याबाहेर काढून श्वास घेतो, पाण्यातले छोटे जीव धरून खातो आणि हातात घेतला तर चावतोही.

“वारा नव्हता, तरी झुलत होता रे,” सुहास म्हणाला. “बोट लावलं तर टपकन खाली पडला. मेला वाटलं. थोड्या वेळाने परत गजावर!”

माझ्यासाठी विषय तिथेच मिटला. झुलणं आणि मेल्याचं सोंग, दोन्ही याच्या खास सवयी.

अण्णा मात्र हटेनात. “विषारी असणार. फवारा मारून मोकळा हो.”

“अण्णा, हा पानं खातो. याला नांगी नाही, डंख नाही. अमेरिकेतली एक जात डोळ्यांची आग होईल असा फवारा सोडते, पण ती आपल्याकडची नव्हे.”

“पण वाढले तर? माझा पेरू खाऊन टाकतील.” संजूची शंका रास्त होती. तमिळनाडूतली एक जात जगभरच्या प्रयोगशाळांत पाळतात, त्यात जवळपास सगळ्या माद्याच. नराशिवाय घातलेल्या अंड्यांतून पिल्लं निघतात. अंडी बियांसारखी दिसतात आणि जमिनीवर पडून राहतात. पण काडीकिड्यांची संख्या पक्षी आणि सरडे कमी ठेवतात. एका किड्याने झाड बसत नाही.

मारायचं म्हटलं की मला लॉर्ड हाऊ बेट आठवतं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला. १९१८ साली तिथे मकाम्बो नावाचं जहाज अडकलं, त्यातून उंदीर उतरले आणि तिथले तळहाताएवढे काडीकिडे काही वर्षांत संपले. नामशेष झाले असंच सगळे धरून चालले होते. २००१ साली जवळच्या बॉल्स पिरॅमिड या समुद्रातून उभ्या उठलेल्या खडकावर, झुडपाखाली, त्यातले मोजके जिवंत सापडले. मी हे सांगितलं तेव्हा अण्णा गप्प ऐकत होते.

“मग उचलू कसा?” सुहास.

“पाय धरून ओढू नकोस, पाय तुटून हातात येईल. पिल्लाला कात टाकताना तो परत फुटतो, पूर्ण वाढलेल्याला नाही. समोर फांदी धर, आपणहून चढेल.”

“आणि पेरूवर नको,” अण्णा म्हणाले. “टेकडीवर सोड.”

त्याला कुणाचीच हरकत नव्हती.