चोरी झाली, हे आधी सांगा

कोथरूडला राहणारे माझे काका ‘डिजिटल अरेस्ट’ला बळी पडले. व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर अशोकस्तंभ आणि ‘घरात बोललात तर त्यांनाही उचलू’ अशी तंबी. मुदत ठेव मोडून पैसे गेले. काकांनी काकूंनाही काही सांगितलं नाही. गोष्ट फुटली तेव्हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न होता, ‘एवढे शिकलेले, तरी फसले कसे?’ १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर लगेच फोन केला, तर पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. ते मोलाचे तास लाजेत गेले.

मी एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनला राहतो. या देशाची लोकसंख्या तेरा-चौदा लाख, पुणे शहराच्या निम्मीही नाही. २००७ मध्ये सोव्हिएत काळातला एका सैनिकाचा पुतळा हलवण्यावरून वाद पेटला आणि इथल्या बँका, वर्तमानपत्रं, सरकारी संकेतस्थळं यांच्यावर सायबर हल्ल्यांची लाट आली. छोट्या देशाची अडचण अशी, की हल्ला मोठ्यांवर होतो तसाच होतो, पण तो परतवणारी माणसं मोजकी. २०२२ मध्ये कोस्टा रिकाची कर आणि सीमाशुल्क यंत्रणा खंडणीखोरांनी ठप्प केली, तेव्हा नव्या राष्ट्राध्यक्षांना आणीबाणी जाहीर करावी लागली.

एस्टोनियाने सरकारी माहितीची प्रत लक्झेंबर्गमध्ये ठेवली, संगणकतज्ज्ञांचं स्वयंसेवक दल उभारलं. पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती २०१७ ची गोष्ट. इथे प्रत्येकाकडे चिप असलेलं ओळखपत्र असतं. ओळख पटवायला एक पिन, सही करायला दुसरा. बँक, औषधाची चिठ्ठी, मतदान, सगळं त्यावर. त्या चिपमध्ये दोष असल्याचं संशोधकांनी कळवलं. सुमारे साडेसात लाख कार्डं धोक्यात होती आणि ऑनलाइन मतदान महिन्यावर आलं होतं. तरीही सरकारने सप्टेंबरमध्येच ते जाहीर केलं. नोव्हेंबरमध्ये कार्डांमधली जुनी डिजिटल प्रमाणपत्रं थांबवली, लोकांनी कार्डं अद्ययावत करून घेतली. ऑनलाइन मतदान आजही सुरू आहे.

हे सांगितलं की पुण्याहून उत्तर येतं, ‘चिमुकल्या देशाचं उदाहरण १४० कोटींना लावू नकोस.’ कार्डाच्या बाबतीत ते बरोबर आहे, ती घडी बसायला इथेही वर्षं लागली. फोनवरून पिन काढून घेणारे भामटे इथेही आहेत. पण झालेली गोष्ट लोकांना सांगायला देश लहान असावा लागत नाही.

२०१८ मध्ये पुण्यातल्या कॉसमॉस बँकेतून ९४ कोटी रुपये लांबवले गेले. बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून रोकड काढली गेली. ती बातमी झाली म्हणून इतर बँका सावध तरी होऊ शकल्या. एखाद्या लहान पतसंस्थेत असं काही घडलं, तर ठेवीदार बिथरतील या धास्तीने संचालकांना गप्प बसावंसं वाटणार, आणि तीच युक्ती पुढच्या पेठेतल्या पतसंस्थेवर चालणार. सायबर घटना सहा तासांत सरकारी यंत्रणेला कळवण्याचा नियम २०२२ पासून आहे. ज्याची माहिती फुटली त्याला कळवण्याची तरतूद २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे. ती कागदावर राहू नये, यासाठी पुण्यातल्या ठेवीदारांनीच आग्रह धरायला हवा. वार्षिक सभेत लाभांशाच्या आधी विचारा: यंदा यंत्रणेवर हल्ला झाला का, झाला असेल तर आम्हाला कधी कळवलंत? आणि हिंजवडी-खराडीत हे काम रोज करणाऱ्यांनी महिन्यातला एक शनिवार अशा पतसंस्थांसाठी द्यावा. एस्टोनियात असे स्वयंसेवक नोकरी सांभाळून हेच करतात.